अड्यारला राहिलेली माणसं

१९८० साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या जागतिक अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा रिंगणात एकाच घरातल्या दोन बायका होत्या. एक रुक्मिणीदेवी अरुंडेल आणि दुसऱ्या राधा बर्निअर. नात्यानं आत्या आणि भाची. राधाबाईंचे वडील एन. श्रीराम हे रुक्मिणीदेवींचे थोरले भाऊ. ते स्वतः १९५३ पासून वीस वर्षं या संस्थेचे अध्यक्ष होते. राधाबाई भरतनाट्यम शिकल्या त्या आत्यानं उभ्या केलेल्या कलाक्षेत्रात, अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणून. ज्याँ रेन्वार यांच्या १९५१ सालच्या ‘द रिव्हर’ या चित्रपटात नृत्य करणारी तरुणी म्हणजे याच राधाबाई. रुक्मिणीदेवींचं नाव तर देशभर झालेलं होतं. तीन वर्षांपूर्वी मोरारजी देसाईंनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारलं होतं आणि त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं होतं. तरीही सभासदांनी कौल भाचीला दिला.

गादीचे वाद आपल्याला नवे नाहीत. मठ असो, संस्थान असो, पंथ असो, मूळ पुरुष गेला की शिष्यांत फाटाफूट होते. महानुभावांचे तेरा आम्नाय झाले, हे आपण शाळेत नाही तरी घरात ऐकलेलं असतं. अड्यारची गोष्ट वेगळी वाटते ती अशासाठी, की इथे गादी नाही. घटनेप्रमाणे अध्यक्ष निवडून येतो, मुदत सात वर्षांची, आणि मतदार जगभर पसरलेले. पण माणसांना गादी हवी असते. ती नसली तर ती तयार करतात. अड्यारमध्ये ती तयार झाली, तिच्यावर एका मुलाला बसवलं गेलं, आणि तो मोठा झाल्यावर स्वतःच तिच्यावरून उठून गेला. त्यानंतर मागे उरलेल्या माणसांनी काय केलं, हा या लेखाचा विषय आहे. आत्या आणि भाची या दोघीही त्या उरलेल्यांपैकीच.

चेन्नईच्या दक्षिण भागात अड्यार नदी समुद्राला मिळते. मुखाजवळच्या दक्षिण काठावर सोसायटीचं विस्तीर्ण आवार आहे. बाहेर बेझंट ॲव्हेन्यूवर शहराचा सगळा कलकलाट. फाटकातून आत गेलं की झाडी सुरू होते आणि हॉर्नचे आवाज मागे पडत जातात. १८८२ मध्ये घेतली तेव्हा ‘हडलस्टन्स गार्डन्स’ नावाची ही जागा सत्तावीस एकरांची होती. आज ती अडीचशे एकरांच्या वर आहे. आवारात हिंदू देऊळ आहे, बुद्धविहार आहे, मशीद आहे, पारशी प्रार्थनास्थळ आहे, गुरुद्वारा आहे आणि लिबरल कॅथलिक पंथाचं एक छोटं चर्चही आहे. साडेचारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड आहे. त्याचं मुख्य खोड १९८९ च्या वादळात कोसळलं, पारंब्या उभ्या आहेत. त्या वडावरून दृष्टान्त देण्याचा मोह इथे आलेल्या प्रत्येकाला होतो. मला तो नको वाटतो, कारण इथली माणसं झाडासारखी आपोआप टिकलेली नाहीत. प्रत्येक वेळी त्यांना ठरवावं लागलं.

अड्यारच्या आधी मुंबई होती, हे मराठी वाचकाला सांगायला हवं. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये संस्था काढणारे कर्नल हेन्री ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईला उतरले. जवळजवळ चार वर्षं सोसायटीचं मुख्य ठाणं आधी गिरगावात आणि मग ब्रीच कँडीला होतं. ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक ऑक्टोबर १८७९ मध्ये मुंबईतूनच सुरू झालं. त्यांच्या भोवती जमलेल्यांत तुकाराम तात्या पडवळ होते, ‘जातिभेद विवेकसार’ लिहिणारे, ज्यांच्या त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी काढली. आणि दामोदर मावळणकर होता. अहमदाबादच्या मराठी ब्राह्मण घरातला, विशीतला, दमानं किंवा क्षयानं कधीही जाईल अशा प्रकृतीचा मुलगा. त्यानं जात सोडली आणि ती सोडल्याचं मासिकात लिहून जाहीर केलं. घर सोडलं, संस्थेच्या कचेरीत राहून पत्रव्यवहार, हिशेब, मासिक सगळं ओढलं, आणि १८८२ च्या डिसेंबरात ठाणं अड्यारला हललं तेव्हा तोही गेला.

मद्रासला या मंडळींचं स्वागत करणाऱ्यांत एक नाव दिवाण बहादूर आर. रघुनाथ रावांचं. तंजावरच्या मराठी घराण्यातले, इंदूरची दिवाणगिरी केलेले, विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. १८८४ च्या डिसेंबरात अड्यारचं अधिवेशन आटोपल्यावर त्यांच्या मैलापूरच्या घरी सतरा जण जमले आणि तिथे राष्ट्रीय सभेची कल्पना निघाली, असं ॲनी बेझंट यांनी पुढे लिहून ठेवलं. राष्ट्रीय सभेच्या जन्माच्या इतरही कथा आहेत. पण अड्यारच्या आरंभीच्या सभासदांना आपण कशाचा तरी पाया घालत आहोत असं वाटत होतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

पहिला हादरा दोन वर्षांच्या आतच बसला. तिबेटातले अदृश्य गुरू मानलेल्या महात्म्यांची पत्रं खरी की बनावट, यावरून गदारोळ झाला. लंडनहून सायकिकल रिसर्च सोसायटीचे रिचर्ड हॉजसन चौकशीला आले आणि त्यांचा निष्कर्ष ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या विरुद्ध गेला. ३१ मार्च १८८५ ला बाईंनी अड्यार सोडलं ते कायमचं. त्याच्या महिनाभर आधी, २३ फेब्रुवारीला, दामोदर बोटीत बसला होता. गुरूंच्या शोधात तिबेटकडे निघालेला तो मुलगा परत आला नाही. एका नेत्यावरचा विश्वास डळमळतो त्या क्षणी माणूस कुठे जातो, याची अड्यारमधली ही पहिली नोंद. दामोदर रागावून गेला नाही. विश्वास इतका होता की तो मुळाशीच निघाला. दुसऱ्या टोकाला ऑल्कॉट. त्यांनी ग्रंथालय काढलं (१८८६), अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढली (१८९४), शाखांचे दौरे केले. त्यांना दर्शनांपेक्षा नोंदवह्या जास्त जमत. माझं मत असं, की संस्था पहिल्यांदा वाचली ती या नोंदवह्यांमुळे.

पण तेच ऑल्कॉट मरणाच्या दारात दर्शनाकडे वळले. जानेवारी १९०७ मध्ये ते अंथरुणाला खिळलेले असताना महात्मे प्रकट झाले आणि उत्तराधिकारी म्हणून बेझंटबाईंचं नाव सांगून गेले, असं त्यांनी जाहीर केलं. १७ फेब्रुवारीला ते गेले. अलाहाबादच्या ‘पायोनिअर’चे पूर्वीचे संपादक ए. पी. सिनेट यांनी हरकत घेतली. महात्म्यांची पत्रं सर्वांत जास्त ज्यांना आली आणि ज्यांनी ती जगापुढे आणली ते हे सिनेट. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मतदान करायचं असेल तर अदृश्यातल्या शिफारशीवर करू नये. बेझंटबाई प्रचंड बहुमतानं निवडून आल्या. त्या तशाही आल्या असत्या; त्यांच्याएवढं वक्तृत्व, धडाडी आणि कष्टाची ताकद दुसऱ्या कुणात नव्हती. म्हणूनच त्या शिफारशीचं दुःख वाटतं. गरज नसताना मताच्या जोडीला साक्षात्कार बसवला गेला, आणि पुढची वीस वर्षं तो तिथून उठला नाही.

बेझंटबाईंचा काळ म्हणजे दोन प्रवाह. एक आपल्या परिचयाचा. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, बाईंनी त्याच वर्षी सप्टेंबरात मद्रासला काढली. मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड टिळकांकडे, उरलेला देश बाईंकडे. जून १९१७ मध्ये सरकारनं बाईंना जॉर्ज अरुंडेल आणि बी. पी. वाडिया यांच्यासह स्थानबद्ध केलं. त्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसच्या त्या अध्यक्ष झाल्या. सत्तरीची ब्रिटिश बाई, अड्यारहून निघून देशाच्या राजकारणाच्या अगदी मध्यभागी पोचलेली.

दुसरा प्रवाह अड्यारच्या किनाऱ्यावर सुरू झाला. महसूल खात्यातून निवृत्त झालेले जिद्दू नारायणय्या हे सभासद जानेवारी १९०९ मध्ये मुलांना घेऊन अड्यारला राहायला आले. आई वारलेली. मुलं हडकुळी, दुर्लक्षित. काही महिन्यांनी चार्ल्स लेडबीटर या पूर्वाश्रमीच्या अँग्लिकन पाद्र्याच्या नजरेला समुद्रावर त्यांतला कृष्णमूर्ती पडला आणि या मुलात जगद्गुरू अवतरणार असं भाकीत झालं. बापानं पुढे मुलांचा ताबा मागण्यासाठी कोर्टात धाव घेतली. मद्रासला तो जिंकला, प्रिव्ही कौन्सिलमध्ये १९१४ साली हरला. या सगळ्या प्रकरणात त्या बापाविषयी फार कमी लिहिलं जातं, ते मला खटकतं. तोही या संस्थेचा सभासद होता, याच आवाराच्या आधाराला आला होता, आणि त्याला इथून मुलांशिवाय जावं लागलं.

कृष्णमूर्तीभोवती १९११ साली ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ उभी राहिली. सभासद छातीवर चांदीचा पाचकोनी तारा लावत. जर्मनीत रुडॉल्फ स्टायनर यांनी हे मानायला नकार दिला आणि ते आपली माणसं घेऊन बाहेर पडले. मग १९१६ च्या जुलैत सिडनीला लेडबीटर बिशप झाले. लिबरल कॅथलिक चर्च असं पुढे नाव मिळालेल्या या पंथात कॅथलिक मासचा सगळा थाट होता. धूप, झगे, संस्कार, अभिषेकाची परंपरा. पण श्रद्धेची सक्ती नाही. कुणीही यावं, प्रसाद घ्यावा. कागदावर सोसायटी आणि चर्च वेगवेगळे. प्रत्यक्षात माणसं तीच. ज्या संस्थेनं स्वतःला कधी धर्म म्हणवलं नाही तिच्यात आता बिशप होते, शिष्यत्वाच्या पायऱ्या होत्या, आणि कोण किती पायऱ्या चढला याची कुजबुज होती.

पायऱ्या आल्या की खाली उभं राहणं आलं. ऑस्ट्रेलियात सिडनीची मोठी शाखा यावरून फुटली. अड्यारमध्ये वाडिया अस्वस्थ झाले. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीच्या कामगारांची मद्रास लेबर युनियन १९१८ साली उभी करणारा, बाईंबरोबर स्थानबद्धता भोगलेला हा माणूस. जुलै १९२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सोसायटी मूळ शिकवणीपासून ढळली, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

आता एक तारीख सांगतो, जिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. डिसेंबर १९२४. सोसायटीच्या जनरल कौन्सिलनं विचारस्वातंत्र्याचा ठराव केला. त्याचा आशय असा : कुणीही शिकवलेलं, अगदी ब्लाव्हाट्स्कीबाईंनी शिकवलेलंही, कोणतंच मत सभासदावर बंधनकारक नाही. हव्या त्या गुरूला मानण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, दुसऱ्यावर लादण्याचा कुणालाच नाही. मतामुळे कुणाचा मताधिकार जाणार नाही. या ठरावाला आठ महिनेही झाले नव्हते, तोच ऑगस्ट १९२५ मध्ये हॉलंडमधल्या ओमेनच्या शिबिरात बेझंटबाईंनी जगद्गुरूंच्या शिष्यवरांची नावं जाहीर केली. त्यांत लेडबीटर होते, अरुंडेल होते, आणि अरुंडेल यांची एकवीस वर्षांची पत्नी रुक्मिणीदेवी होती. म्हणजे एका हातानं दार सताड उघडून दुसऱ्या हातानं आत देव्हारा मांडला होता. या दोन गोष्टी एकाच बाईच्या कारकिर्दीत, एकाच प्रामाणिकपणानं झाल्या. बेझंटबाईंना ढोंगी ठरवणारे मला पटत नाहीत. त्यांचा दोन्हींवर विश्वास होता.

नोव्हेंबर १९२५ मध्ये कृष्णमूर्ती सुवर्णमहोत्सवासाठी बोटीनं अड्यारला येत असताना सुएझजवळ तार आली. धाकटा भाऊ नित्यानंद कॅलिफोर्नियात क्षयानं गेला होता. नित्या वाचणार, त्याच्यावाचून कार्य होणं नाही, अशी ग्वाही वरच्या पायऱ्यांवरच्यांनी दिली होती. २८ डिसेंबरच्या सकाळी वडाखाली बोलताना कृष्णमूर्तींच्या तोंडी जगद्गुरूंविषयीचा ‘तो’ जाऊन ‘मी’ आला आणि शेकडो लोक भारावले. त्या दिवशी त्या माणसाच्या मनात भावाचं दुःख किती ताजं असेल, हे सभेतल्या किती जणांच्या ध्यानात आलं असेल?

३ ऑगस्ट १९२९. ओमेनचं शिबिर. तीन हजारांवर माणसं, बेझंटबाई समोर बसलेल्या. चौतीस वर्षांच्या कृष्णमूर्तींनी ऑर्डर विसर्जित केली. सत्य संघटित करता येत नाही, मला अनुयायी नकोत, माणूस मोकळा व्हावा एवढीच माझी आस्था आहे, असा त्यांच्या भाषणाचा गाभा. नुसतं बोलून थांबले नाहीत. मिळालेल्या जमिनी आणि मालमत्ता देणाऱ्यांना परत केल्या. ओमेनजवळचा एर्डे किल्ला आणि त्याच्याभोवतीची प्रचंड जमीन मूळ मालकाकडे गेली. पुढच्या वर्षी त्यांनी सोसायटीचाही राजीनामा दिला.

धर्मसंस्थांच्या इतिहासात नेते मरतात, पदभ्रष्ट होतात, फितूर होतात. ज्याची वाट अठरा वर्षं पाहिली तोच येऊन ‘वाट पाहू नका’ म्हणतो, हे कुठे घडत नाही. बंड करणाऱ्याविरुद्ध उभं राहता येतं, मेलेल्याची समाधी बांधता येते. इथे सभासदाला काहीच करता येत नव्हतं. त्याचं ऐकायचं तर त्याला सोडायला हवं, आणि सोडायचं नसेल तर त्याचं ऐकून चालणार नाही. छातीवरचा चांदीचा तारा काढून ठेवायचा तर कुठे ठेवायचा? मुलांची नावं, नोकऱ्या, लग्नं, घरं या श्रद्धेवर बेतलेली माणसं होती ही.

काही जण कृष्णमूर्तींबरोबर गेले. नवी दिल्ली बांधणाऱ्या एडविन लट्येन्सच्या पत्नी लेडी एमिली यांनी त्यांना मुलासारखं वाढवलं होतं. त्यांनी १९३० मध्ये सोसायटी सोडली, पण नवं काही हाती लागेना, आणि ती रिकामी वर्षं त्यांनी म्हातारपणी मोकळेपणानं लिहिली. काही जण सगळंच सोडून घरी गेले. १९२८ साली ४५ हजारांच्या घरात असलेली सभासदसंख्या भराभर उतरली. आणि काही राहिले.

राहणाऱ्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. कृष्णमूर्तींच्या चाहत्यांनी ते पुष्कळदा म्हटलंही. मला तसं वाटत नाही. श्रीराम यांचंच पाहा. बेझंटबाईंचे खाजगी सचिव, त्यांच्या ‘न्यू इंडिया’ या दैनिकात राबलेले, वडील ए. नीलकंठ शास्त्री इंजिनिअर आणि निष्ठावंत सभासद. १९२९ नंतर त्यांनी ना कृष्णमूर्तींवर टीकेची राळ उडवली, ना जगद्गुरूचं जुनं गाणं लावून धरलं. ते काम करत राहिले, आणि पुढे त्यांच्या लेखनात गुरूंच्या पायऱ्या मागे पडून माणसाच्या स्वतःच्या पाहण्याला जागा मिळाली. त्यांच्या घरी १९२९ साली पाच वर्षांची मुलगी होती. राधा. अड्यारमध्येच जन्मलेली. जगद्गुरूच्या आगमनाचा जल्लोष तिच्या आठवणीत फारसा नसणार. तिनं पाहिलं ते त्यानंतरचं, शांत झालेलं, थोडं अवघडलेलं आवार.

आत्या तेव्हा पंचवीस वर्षांची. १९२५ साली शिष्यवरांत नाव, १९२८ साली ‘जगन्माता’ म्हणून घोषणा. एवढं ओझं त्या वयात अंगावर घेऊन त्या ऑर्डरच्या विसर्जनाकडे पाहत होत्या. जगन्मातेची चळवळ फार चालली नाही. रुक्मिणीदेवी नाचाकडे वळल्या. ॲना पाव्हलोव्हाशी ओळख झाली होती, तिनं आपल्या देशातलं नृत्य शोध असं सुचवलं. भरतनाट्यमचं मूळ रूप असलेलं, बदनाम ठरवलेलं सादिर त्या शिकल्या आणि डिसेंबर १९३५ च्या हीरक महोत्सवी अधिवेशनात, अड्यारच्या आवारातच, लोकांपुढे नाचल्या. जानेवारी १९३६ मध्ये कलाक्षेत्र निघालं. देवदासींच्या हातून ही कला काढून घेऊन ती सोवळी केली, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण अड्यारच्या बाजूनं पाहिलं तर दिसतं ते असं, की जिला पूजेची मूर्ती करायला निघाले होते तिनं स्वतःला कामाला जुंपून घेतलं. १९३९ मध्ये अरुंडेल दाम्पत्यानं मारिया माँटेसरींना अड्यारला बोलावलं. युद्धामुळे त्या भारतातच अडकल्या आणि हजारांवर शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रात हे बालशिक्षण आधीच रुजवायला घेतलं होतं. त्याला या मुक्कामानं देशभर बळ आलं.

बेझंटबाई २० सप्टेंबर १९३३ ला अड्यारला वारल्या. शेवटची वर्षं स्मृती धूसर झाली होती, पण कृष्णमूर्तींवरची माया तशीच होती. १९३४ मध्ये अध्यक्षपदासाठी अरुंडेल विरुद्ध अर्नेस्ट वुड अशी लढत झाली. वुड हे लेडबीटरांचे एकेकाळचे सचिव, किनाऱ्यावरच्या त्या दिवसांचे साक्षीदार. अरुंडेल जिंकले. वुड यांनी दोन वर्षांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे. अरुंडेल यांच्यानंतर जिनराजदास, मग श्रीराम. कलाक्षेत्र हळूहळू तिरुवान्मियूरला हललं, १९६२ पर्यंत पुरतं. लिबरल कॅथलिक चर्चचं कुणी विसर्जन केलं नाही. ते छोटं होऊन राहिलं.

या सगळ्या नावांच्या बाहेरही अड्यारची माणसं होती. ऑल्कॉटच्या शाळेत येणारी मुलं, शेजारच्या ऊरूर कुप्पमचे मच्छीमार. त्यांच्याकडे मतपत्रिका येत नव्हत्या. कोण अध्यक्ष झाला, जगद्गुरू आला की गेला, याचा त्यांच्या जगण्यावर परिणाम नव्हता. ती शाळा आजही बेझंटनगरला चालते आणि त्या कोळीवाड्याला लोक ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम म्हणतात. एका अमेरिकन कर्नलचं नाव तमिळ कोळीवाड्याला चिकटून राहावं, आणि जगद्गुरूंच्या शिष्यवरांची यादी मात्र अभ्यासकांनाच माहीत असावी, हे मला योग्य वाटतं.

कृष्णमूर्ती १९३३ नंतर अनेक वर्षं सोसायटीच्या आवारात आले नाहीत. नदीच्या उत्तरेला ग्रीनवेज रोडवर ‘वसंत विहार’ हे त्यांचं ठिकाण. मध्ये फक्त नदी. १९४७ मध्ये ते युद्धानंतर भारतात परतले तेव्हा त्यांच्याभोवती जमलेल्यांत नगरचे पटवर्धन बंधू होते, रावसाहेब आणि अच्युतराव. बेचाळीसच्या चळवळीतले भूमिगत अच्युतराव आपण जाणतो, साताऱ्याच्या पत्रीसरकारच्या संदर्भात त्यांचं नाव घेतो. ते थिऑसॉफिस्ट घरात वाढले, बेझंटबाईंनी काढलेल्या बनारसच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात शिकले आणि अरुंडेल यांच्या सहवासात घडले, हे आपण सहसा विसरतो. १९५० च्या सुमारास त्यांनी राजकारण सोडलं, पक्षही सोडला, आणि पुढचं आयुष्य कृष्णमूर्तींच्या शिक्षणसंस्थांत घालवलं. धाकटे भाऊ पामा आणि त्यांच्या पत्नी सुनंदा सत्तरच्या दशकात वसंत विहारला राहायला आले आणि तिथला कारभार पाहू लागले. एका नगरी घराण्यानं अड्यारची फाळणी आपल्या आयुष्यात अशी पेलली, की वडिलांची पिढी दक्षिण काठाची आणि मुलांची उत्तर काठाची.

मग १९८०. आत्या सत्तरीच्या पुढे, संस्थेच्या सोनेरी काळातली शेवटची मोठी व्यक्ती. भाची छप्पन वर्षांची, ग्रंथालय सांभाळलेली, वडिलांच्या पठडीतली, आणि कृष्णमूर्तींशी अनेक वर्षांचा स्नेह राखलेली. मतदारांच्या मनात काय होतं ते मतपेटीतून कळत नाही. पण निवड झाल्यावर राधाबाईंनी पहिल्या काही महिन्यांत जे केलं त्यातून त्यांच्या मनात काय होतं ते कळतं. त्यांनी कृष्णमूर्तींना बोलावलं. १९८० च्या अखेरीस, ४७ वर्षांनंतर, कृष्णमूर्ती फाटकातून आत आले. पंच्याऐंशी वर्षांचे. ना त्यांनी १९२९ चं भाषण मागे घेतलं, ना सोसायटीनं मागे घ्यायला लावलं. पुढे मद्रासला असले की ते संध्याकाळी आवारातून समुद्रावर फिरायला जात. लेडबीटरांनी ज्या वाळूवर त्यांना पहिल्यांदा पाहिलं तीच ती.

या भेटीला समेट म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. समेटात दोन्ही बाजू काही सोडतात. इथे कुणी काही सोडलं नाही. सोसायटीत जगद्गुरूंवर श्रद्धा असलेले म्हातारे सभासद अजून होते, चर्चमध्ये मास होत होता, आणि ज्यानं या सगळ्याला नाकारलं तो माणूस त्याच रस्त्यानं चालत होता. १९२४ चा तो ठराव कौन्सिलच्या कागदावर होता. तो खरा वापरला गेला तो छप्पन वर्षांनी, एका बाईच्या निमंत्रणात.

जानेवारी १९८६ मध्ये कृष्णमूर्ती भारतातून निघाले तेव्हा ते खूप आजारी होते. जाण्याआधी अड्यारच्या किनाऱ्यावर फिरून आले. १७ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात ओहाय इथे ते वारले. अस्थींचा काही भाग अड्यारच्या समुद्रात सोडला. ऑल्कॉट गेले तीही १७ फेब्रुवारीच, आणि अड्यारला तो दिवस संस्थेचा दिवस म्हणून आधीपासून पाळला जातो. एका आठवड्यानं, २४ फेब्रुवारीला, रुक्मिणीदेवी गेल्या. १९२५ च्या त्या वडाखाली तरुण असलेली दोन माणसं सात दिवसांच्या अंतरानं संपली.

राधाबाई तेहतीस वर्षं अध्यक्ष राहिल्या. इतकी वर्षं एकच माणूस पुन्हा पुन्हा निवडून येणं हे न सांगता तयार होणाऱ्या गादीचंच लक्षण आहे, असं म्हणणारे सभासद होते. २००८ च्या निवडणुकीत अमेरिकेच्या जॉन अल्जिओ यांनी त्यांना आव्हान दिलं आणि भारतीय मतांनी त्या तरल्या. ही टीका मला रास्त वाटते. मोकळेपणानं आलेला नेताही जागा अडवू शकतो. ३१ ऑक्टोबर २०१३ ला त्या अड्यारलाच वारल्या आणि पुढच्या वर्षी अमेरिकेचे टिम बॉइड निवडून आले. यावेळी कुणाच्या खाटेपाशी कुणी प्रकट झालं नाही.

सभासद आता थोडे आहेत आणि बरेचसे उतारवयाचे. मोठ्या श्रद्धेनं जी ऊब येते ती इथे आज नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. सक्ती नसलेल्या जागेत गर्दीही टिकत नाही. अड्यारनं ती किंमत मोजली आहे आणि माझ्या लेखी ती योग्य कारणासाठी मोजली आहे. ‘द थिऑसॉफिस्ट’ अजून निघतं आणि विचारस्वातंत्र्याचा १९२४ चा ठराव त्यात अजून छापला जातो. नव्या सभासदाला संस्थेची तीन उद्दिष्टं मान्य आहेत का एवढं विचारतात, त्यातलं पहिलं वंश, धर्म, लिंग, जात, रंग न पाहता बंधुत्वाचं. ब्लाव्हाट्स्कीबाई, महात्मे, कृष्णमूर्ती, बिशप, यांपैकी कुणाविषयीही अर्जात प्रश्न नाही.